नकाशावर नसलेला वॉल्व्ह

"हात धुतलेत का रे?"

पाणीखात्याच्या साहेबांनी असं विचारलं तेव्हा माझा हात अर्धा पुढं गेलेला होता. समोर परदेशातून आलेल्या बाई उभ्या होत्या. पांढरे केस, साधा सुती कुर्ता, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी हात पुढं केला म्हणून मीही केला. तेवढ्यात साहेबांचा आवाज आला. मोठ्यानं, हसत हसत, मराठीत. बाईंना काही कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं. सगळा हॉल हसला.

मी हात मागं घेतला आणि पॅन्टला पुसला.

हात स्वच्छ होता. सकाळी दोनदा साबण लावला होता. बायकोनं खाकी शर्टाला इस्त्री करून दिली होती. तरी मी हात पुसला. सगळ्यांच्या देखत पुसला. साहेबांच्या प्रश्नाचा राग मला आजही येतो, पण माझ्या त्या पुसण्याचा जास्त येतो.

जालना रोडवरच्या मोठ्या हॉटेलातला तो हॉल. टेबलांवर पाण्याच्या बाटल्या, एकेका माणसापुढं दोन-दोन, बऱ्याचशा अर्ध्या पिऊन सोडलेल्या. मी पाणी सोडणारा माणूस, माझं लक्ष सारखं तिकडंच जात होतं.

मी लाईनमन आहे. ठेकेदाराच्या हाताखालचा. या शहरात पाणी रोज येत नाही. आमच्याकडं पाण्याची पाळी असते आणि तीही पुढं सरकत राहते. आठवा दिवस, कधी नववा, मध्येच लाईन फुटली तर अकरावा. लोक लग्नाची तारीख धरताना मला फोन करतात, त्या दिवशी पाणी आहे का बघा म्हणून. शहराचं नाव बदललं, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या, पाण्याची पाळी तेवढी होती तशीच राहिली. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि आटे मोजत फिरवायची, हे माझं काम. कुठल्या वॉल्व्हला किती आटे, कुठला अर्धाच उघडायचा, कुठला उन्हाळ्यात घट्ट होतो, हे कुठंही लिहिलेलं नाही. ते आमच्या हातांना माहीत असतं. चावीच्या दांड्याला कान लावला की खाली पाणी आलं की नुसती हवा आहे, ते मला कळतं.

मग ठरलं की परदेशातली एक बँक शहराला पाण्याच्या नव्या योजनेसाठी पैसे देणार. बँक म्हणाली, आधी नकाशा दाखवा. आता आली पंचाईत. जमिनीखाली कुठं काय पुरलंय याचा धड नकाशाच कुणाकडं नव्हता. जुने कागद होते, पण ते खालच्या पाइपांशी जुळत नव्हते. मग सल्लागार कंपनीनं पुण्याहून तन्वी मॅडमला पाठवलं आणि साहेबांनी मला तिच्यासोबत दिलं. पाच महिने मी तिला शहरभर फिरवलं. मी झाकण उचलायचो, सांगायचो, ती हातातल्या यंत्रानं जागा टिपायची. शहरातला एकेक वॉल्व्ह माझ्या डोक्यातून तिच्या यंत्रात गेला.

तोच नकाशा त्या दिवशी बँकेच्या त्या बाईंना दाखवायला हॉलच्या भिंतीवर लावला होता. निळ्या रेघा, लाल ठिपके. लई सुंदर दिसत होता, खोटं कशाला बोलू. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना सांगितलं, "हा आमचा जिवंत नकाशा. कॉम्प्युटर बंद पडतो, हा पडत नाही. फक्त मधूनमधून चहा टाकावा लागतो." पुन्हा हसले सगळे. तन्वी मॅडमनं बाईंना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. चहाचं सांगितलं नसावं, कारण बाई हसल्या नाहीत.

बाईंनी काहीतरी विचारलं. तन्वी मॅडम माझ्याकडं वळली. "त्या विचारतायत, तुम्ही कुठं राहता? नकाशावर दाखवा म्हणतात."

मी भिंतीपाशी गेलो. मला शोधायला काय लागतंय? हा जालना रोड, ही पाण्याची टाकी, हा नाला, ही बंगल्यांची कॉलनी. आणि तिच्या पलीकडं आमचं भिमाईनगर. सात गल्ल्या, एक विहार, एक बालवाडी, एक पिठाची गिरणी. माझ्या वडिलांचे जुने दोस्त रफीकभाई आणि त्यांचे भाऊ, त्यांची घरंही त्यातच.

तिथं काही नव्हतं. कॉलनीपाशी निळी रेघ संपली होती आणि पुढं पांढरा कागद. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, मोकळी जागा.

माझं बोट हवेत राहिलं. साहेब मागून म्हणाले, "पुढं काही नाही मॅडम. रिकामी जमीन आहे."

बाई वाट बघत होत्या. मी बोट थोडं अलीकडं सरकवलं आणि बंगल्यांच्या कॉलनीवर ठेवलं.

"इथं," मी म्हणालो.

बाई खूश झाल्या. छान झाडं आहेत म्हणे तिथं, त्या सकाळीच तिकडून गेल्या होत्या. नंतर बाहेरच्या पॅसेजमध्ये साहेबांनी मला गाठलं. पाठीवर थाप मारली. "शहाणा आहेस," म्हणाले. मला वाटलं, यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं.

आता खरं ते सांगतो. ती पांढरी जागा साहेबांनी नाही केली. मी केली.

त्यासाठी आबांपासून सांगावं लागेल. आबा म्हणजे माझे वडील. देवगाव रंगारीहून शहरात आले, याच कामाला लागले, याच कामात म्हातारे झाले. भिमाईनगर तेव्हा नुसतं माळरान होतं. बायका कॉलनीच्या फाटकाशी हंडे घेऊन उभ्या राहायच्या. बंगल्यातली माणसं झाडांना पाइप लावायची आणि उरलं तर हंड्यात सोडायची. वरून सोडायची, हंड्याला हात न लावता. माझी आई त्या रांगेत असायची. निवडणूक आली तेव्हा एक पुढारी आबांना म्हणाला, "जोडून घ्या, मी बघतो." कागद नाही, पत्तर नाही. तेवढ्या शब्दावर आबांनी आणि रफीकभाईंनी एका दुपारी कॉलनीच्या मोठ्या पाइपाला तीन इंची लाईन जोडली, कडुनिंबाखाली वॉल्व्ह बसवला आणि वर शहाबादी फरशी टाकली. वस्तीत पाणी आलं. आईनं पहिला हंडा भरून विहारात नेऊन ठेवला म्हणतात.

असे वॉल्व्ह प्रत्येक लाईनमनला माहीत असतात. आम्ही त्यांना आतले वॉल्व्ह म्हणतो. रजिस्टरमध्ये नसतात. साहेबानं विचारलं तरी सांगायचे नसतात. हे कुणी शिकवत नाही, बाप करतो तसं मुलगा करतो. आबांनी एकदाच सांगितलं होतं, "नाल्याच्या पल्याडची वस्ती कागदावर आली आन् दुसऱ्या म्हैन्यात तिचं पाणी कापलं. आपुन कागदावर यायचं नाय." मी ते वाक्य देवाच्या आज्ञेसारखं धरलं. देव मानत नाही, पण बापाला मानत होतो.

तन्वी मॅडमला घेऊन मी त्या कडुनिंबापाशी आलो तेव्हा दुपार होती. फरशीच्या कडेला ओल होती. ती म्हणाली, "इथं काही आहे का?" मी फरशीवर उभा होतो. बूट घालून, दोन्ही पायांनी.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "लाईन मागंच संपली."

तिनं यंत्र बंद केलं. आम्ही पुढं गेलो. मला वाटलं, वाचवली वस्ती. त्या दिवशी घरी जाताना मी भजी घेऊन गेलो.

तर त्या पॅसेजमध्ये, साहेब थाप मारून आत गेल्यावर, तन्वी मॅडम माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "काका, तुम्ही तिथं राहत नाही."

साहेब कुठं आहेत ते मी दारातून बघून घेतलं.

"मला त्या दिवशी दिसलं होतं. फरशी ओली होती. समोरून हंडे घेऊन बायका चालल्या होत्या. पण आम्हाला सांगितलेलं असतं, लाईनमन दाखवेल तेवढंच टिपायचं." मग तिनं पुढचं सांगितलं. योजनेत सगळीकडं नवे पाइप पडणार. नकाशावर जे आहे त्याला नवा पाइप. आणि नवे पाइप सुरू झाले की जुनी मोठी लाईन कायमची बंद.

"कॉलनीमागची पण?" मी विचारलं.

"तीच आधी बंद होणार आहे."

आमची लाईन त्याच पाइपाला जोडलेली. म्हणजे वस्ती वाचवायला म्हणून मी फरशीवर उभा राहिलो आणि सात गल्ल्यांचं पाणी माझ्याच पायाखाली दाबून टाकलं.

घरी येऊन सुरेखाला सांगितलं. सुरेखा माझी बायको. ती पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हॉलमधलं, हाताचं, कॉलनीवर बोट ठेवल्याचं. मग एवढंच विचारलं, "मंग सांगितलं का नाय तिथंच?"

भीती होती म्हणावं तर कुणाची? त्या बाई मला खाणार नव्हत्या. मला लाज वाटली. आपण राहतो त्या जागेची लाज, चार सुटाबुटातल्या माणसांसमोर. बाबासाहेबांचा फोटो घरात पूर्वेच्या भिंतीवर आहे आणि मी बंगल्यावर बोट ठेवून आलो. हे लिहिताना पण तोंड कडू होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "साहेब, माझी चूक झाली. आमच्या वस्तीचा वॉल्व्ह दाखवायचा राहिला. नकाशात टाका."

साहेबांनी फाइलमधून डोकं वर केलं नाही. "माझ्या हातात काय आहे? बँकेच्या अटी असतात. अनधिकृत वस्तीवर त्यांचा पैसा खर्च करता येत नाही. आंतरराष्ट्रीय मामला आहे हा. तुला नाही कळणार."

बाई अजून दोन दिवस शहरात होत्या. वेरूळची लेणी बघून आल्या आणि मग टाकीवर पाहणीला आल्या. मी तन्वी मॅडमला म्हटलं, विचारा त्यांना. तिनं विचारलं. भिऊन भिऊन, पण विचारलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं, वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि उत्तर दिलं. कुठली वस्ती घ्यायची ते बँक ठरवत नाही. यादी इथलं प्रशासन देतं. बँक स्थानिक निर्णयांचा आदर करते.

आदर! साहेब म्हणतात बँकेची अट, बँक म्हणते साहेबांची यादी. मी वॉर्ड ऑफिसला गेलो. तिथला क्लार्क म्हणाला, वस्ती अधिकृत नाही, अधिकृत करून आणा. कशी करायची? रहिवासाचा पुरावा आणा. कुठला पुरावा? नळाचं बिल चालेल. अहो, नळ अधिकृत नाही म्हणून तर बिल नाही. मग वस्ती अधिकृत करून आणा. क्लार्क चिडलेला नव्हता. जेवणाची सुट्टी व्हायची वाट बघत होता. मी त्या खिडकीपाशी उभा राहून हसलो, एकटाच. वेडा झाल्यासारखा हसलो. कुणीतरी साता समुद्रापार बसून ठरवतो, कुणीतरी इथं बसून ठरवतो आणि दोघंही म्हणतात, आम्ही नाही ठरवत. तरी ठरतं. ठरतंच. आणि ते नेमकं आमच्याच डोक्यावर येऊन पडतं.

तन्वी मॅडमनं मला बँकेचा तक्रारीचा अर्ज मोबाइलवर दाखवला. पानंच्या पानं इंग्रजी. मी म्हटलं, मराठीत नाही का? ती म्हणाली, "मी भरून देते काका." तिनं भरून दिला, हे मान्य करायला पाहिजे. उत्तर आलं की तुमचं म्हणणं पोचलं. त्यापुढं आजपर्यंत काही नाही.

दरम्यान योजनेचा आराखडा वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागला. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. शेवटची तारीख दिलेली. मी तो कागद तीनदा वाचला. कुणीही नागरिक लिहू शकतो असं त्यात होतं.

पण लिहायचं म्हणजे वॉल्व्ह सांगायचा. आबांनी झाकून ठेवलेला वॉल्व्ह मी आपल्या हातानं उघडा करायचा. तो निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर मी विहारात उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. फरशीवर उभा राहिलो तेही सांगितलं.

मग शांतामावशी उठल्या. वस्तीतल्या सगळ्यात जुन्या. माझ्या आईबरोबर फाटकापाशी रांगेत उभ्या राहिलेल्या.

"तुझ्या बापानं पाणी आणलं," त्या म्हणाल्या, "आन् तू आमालाच पुसून टाकलं व्हय रं?"

मी मान खाली घातली. मागून एक जण ओरडला, "आता लिहून दिलं तर उद्याच कापतील! नवा पाइप यायला वर्षं लागतील, तवर काय प्यायचं? गप बसा म्हणतो मी." त्याचंही चूक नव्हतं. त्याच्या घरात तान्हं लेकरू होतं. दोघा-तिघांनी त्याचीच री ओढली. मला वाटलं, गेलं सगळं.

रफीकभाई दाराशी बसले होते. जुम्मा असो की रविवार, वस्तीचं काही असलं की ते येतात. आता गुडघे गेलेत, पण आवाज तसाच आहे. "तेरे अब्बा के साथ उस दिन मैंच था," ते म्हणाले. "जोड मेरे हाथ का है. तब अपन छुपाए क्योंकि छुपाने से पानी मिलता था. अब छुपाने से जाता है. कागद पे आए तो काटते, नै आए तो वैसेच सूखते. तो फिर डरना कायको?"

शांतामावशींनी पदर खोचला. "लिही," मला म्हणाल्या. "पर अर्धं लिहू नकू. कोन कवापासनं ऱ्हातं, समदं लिही. आन् माझं नाव पयलं टाक."

पुढचे तीन दिवस आम्ही घरोघरी फिरलो. गल्ली, घर, माणसं, किती वर्षं. सुरेखा वही धरायची. कडुनिंबाची जागा मी स्वतः लिहिली. कॉलनीच्या कुंपणापासून किती पावलं, फरशीखाली किती खोल, किती आटे. वॉल्व्ह कुणी बसवला तेही लिहिलं. ज्यानं 'गप बसा' म्हटलं होतं, त्यानं सही केली, पण माझ्याकडं बघितलं नाही. लेकराला कडेवर घेऊन सही केली.

अर्ज घेऊन मी खिडकीपाशी गेलो तेव्हा क्लार्कनं तो आमच्याच साहेबांकडं नेला. साहेबांनी मला आत बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तू कुणाविरुद्ध लिहितोयस कळतंय का तुला?" ते म्हणाले. "चोरून जोडणी केली बापानं. लपवली तू. खाली तुझी सही. गुन्हा तुझ्यावर होणार आहे, माझ्यावर नाही."

"व्हय साहेब. माहिती आहे."

ते थोडे पुढं झुकले. आवाज खाली आणला. "हे बघ, तू कामाचा माणूस आहेस. हा कागद घरी घेऊन जा. तुझं घर कॉलनीच्या कुंपणाला लागूनच आहे ना? कॉलनीच्या पत्त्यावर तुला एक नळ देतो. अधिकृत. बिल येईल नावावर. नाहीतरी त्या दिवशी तूच बाईंना तसं दाखवलंस."

त्यांच्या लक्षात होतं. माझं बोट त्यांनी जपून ठेवलं होतं आणि आता तेच काढून माझ्यापुढं ठेवत होते. मला सुरेखा आठवली. तिचे हात, हंडा चढवताना दुखणारी तिची कंबर. खोटं नाही सांगत, एक क्षण मी त्या नळाचा विचार केला. नव्या योजनेत पाणी चोवीस तास. बिल नावावर. अधिकृत.

मग मला माझाच राग आला. या माणसाला खात्री होती की मी घेईन. हॉलमध्ये हात पुसला तेव्हापासून त्याला खात्री होती.

मी खुर्चीतून उठलो.

"साहेब, त्या दिवशी मी खोटं दाखवलं. मी भिमाईनगरात राहतो. पोच द्या."

"विचार कर."

"पोच द्या साहेब. शिक्का मारून. तारीख टाकून."

मी उभा राहिलो. बाहेर क्लार्क उभा होता, दोन ठेकेदार उभे होते, सगळे ऐकत होते. शेवटी त्यांनी घंटी वाजवली. क्लार्कनं शिक्का मारला. मी पोच घडी करून खिशात ठेवली. बाहेर आलो तेव्हा तोंडात ते कडूपण नव्हतं.

तीन आठवड्यांनी नोटीस आली. ज्याची भीती होती तेच झालं. अनधिकृत नळजोडणी तोडण्याबाबत. पण वरच्या ओळीत काय होतं? भिमाईनगर. छापलेलं. सात गल्ल्या, घरांच्या मालकांची नावं, आम्ही दिलेली यादी जशीच्या तशी जोडलेली. मी आणि रफीकभाई नोटीस घेऊन कडुनिंबाखाली बसलो. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो. एकेक नाव बोट ठेवून वाचत गेले. "सब हैं," म्हणाले. ज्या जमिनीवर काही नाही असं पाहुण्यांना सांगितलं होतं, तिथल्या माणसांची नावं त्याच ऑफिसनं आपल्या कागदावर छापली होती. तोडायला तरी आधी आम्ही आहोत असं लिहावं लागलं त्यांना.

वॉल्व्ह बंद करायचा हुकूम कुणाला आला? मला. दुसऱ्या लाईनमनांनी आधीच सांगितलं होतं, आम्हाला तो भाग माहीत नाही. सगळ्यांना माहीत होता. आमच्यातला तो जुना रिवाज, आतलं सांगायचं नाही. त्या दिवशी त्या रिवाजानं मला साथ दिली, चावी माझ्याच हातात राहिली.

साहेब जीप घेऊन आले. सोबत दोन पोलीस. सकाळची वेळ, बायका भांडी घासत होत्या, त्या तशाच ओल्या हातानं उठून आल्या. शांतामावशी फरशीवर जाऊन बसल्या. साहेबांनी जीपमधूनच मला हाक मारली. "चावी लाव आणि बंद कर."

मी चावी जीपच्या बॉनेटवर ठेवली. "मी नाही करणार."

"कामावरून जाशील."

"गेलो साहेब. आता ऐका. वॉल्व्ह तिथंच आहे, जिथं मी लिहून दिलाय. बंद करायचा असेल तर तुम्ही उतरा, तुम्ही चावी लावा. अठरा आटे आहेत. आणि पंचनामा करा. कुणाकुणाचं पाणी किती वाजता, कुणाच्या हुकमानं बंद केलं, घरनिहाय लिहा. लहान लेकरं किती, म्हातारी किती, तेही लिहा. आम्ही सगळे सही करतो."

पोलीस साहेबांकडं बघायला लागले. पंचनाम्यावर आपलंही नाव येणार म्हटल्यावर साहेबांचा हात मोबाइलकडं गेला. कुणाशी तरी बोलले, बराच वेळ. मग जीप वळवली. चावी त्यांनी बरोबर नेली. सरकारी वस्तू.

संध्याकाळपर्यंत माझं नाव हजेरीतून निघालं होतं.

पाणी अजून चालू आहे. किती दिवस, माहीत नाही. उद्या दुसरा कुणी येईल, मशीन घेऊन येईल, फरशीच उखडून नेईल. जुनी लाईन बंद व्हायचं कामही सुरू झालंय, करमाडच्या बाजूनं खोदत येतायत. सुरेखा कॉलनीत दोन घरची भांडी घासायला लागली आहे. मला झोप कमी लागते. यात काही गोड नाही आणि मी गोड करून सांगणारही नाही.

सोमवारी आमच्या हरकतीवर सुनावणी आहे. अख्खी वस्ती येणार आहे, रफीकभाई रिक्षानं येणार आहेत. तिथं मला विचारतील, वॉल्व्ह कुणी बसवला. मी सांगणार, माझ्या बापानं. विचारतील, लपवला कुणी. सांगणार, मी. जी शिक्षा असेल ती लिहा, मी खाली सही करतो. त्यानंतर मी विचारणार आहे, सात गल्ल्यांची माणसं कुणी लपवली? इथल्या साहेबांनी की तिकडच्या बँकेनं? एक नाव सांगा.

तोंडी उत्तर चालणार नाही. लेखी पाहिजे. ते मिळाल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.